ओळीच्या शेवटचं न दिसणारं अक्षर

माझं काम चोर पकडायचं. ऑफिसात त्याला 'कम्प्लायन्स' असं सोवळं नाव होतं, पण काम तेच. नोएडातल्या एका काचेच्या इमारतीत, एसीच्या झोताखालच्या टेबलाशी बसून मी दिवसभर आमच्या इंजिनियर लोकांच्या फायली तपासायचे. कुठली फाईल त्यांनी स्वतः लिहिली आणि कुठली नेटवरून उचलली, एवढंच सांगायचं. उचलणं हा गुन्हा नाही हो. जगभर लोक आपला कोड फुकट वाटतात, त्याची तयार गाठोडी नेटवर पडलेली असतात, त्यांना पॅकेज म्हणतात. घ्या, वापरा, फक्त कुणाचं घेतलं ते सांगा. पण लोकांना नेमकं तेवढंच जमत नाही. दुसऱ्याचं उचलायचं आणि मीटिंगमध्ये 'मैंने बनाया है' म्हणून छाती फुगवायची.

माझं हत्यार म्हणजे ठसा. फाईल केवढीही असो, एक प्रोग्राम ती पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचतो आणि तिची चौसष्ट अक्षरांची एक ओळ काढून देतो. सगळे त्याला हॅश म्हणायचे, मी मराठीत बोलताना ठसा म्हणायचे. तीच फाईल पुण्यात वाचा नाहीतर पाटण्यात वाचा, ठसा तोच येणार. आणि आत एक स्वल्पविराम जरी बदलला तरी ठसा पार वेगळा, जुन्याशी काही नातंच नाही असा. आमच्याकडे जगातल्या माहीत असलेल्या पॅकेजांच्या ठशांची भलीमोठी यादी होती. आपल्या फाईलचा ठसा काढायचा, यादीत शोधायचा. सापडला तर फाईल ओळखीची, म्हणजे बाहेरची. नाही सापडला तर अनोळखी, म्हणजे बहुतेक आपली. यात वाद घालायला जागा नसते, म्हणून मला ते फार आवडायचं.

त्याहून काय आवडायचं सांगू? समोरच्याचा चेहरा पडतो ना, तो क्षण. गुडगावहून येणाऱ्या एका इंजिनियरने एकदा, आपण दोन महिने खपून लिहिली म्हणून एक फाईल मिरवली. मी भर मीटिंगमध्ये पडद्यावर त्याच्या फाईलचा ठसा आणि यादीतला ठसा एकाखाली एक लावले आणि म्हटलं, "दो महीने? डाउनलोड इतना स्लो था क्या?" सगळे खो खो हसले. तो माणूस पुढे आठवडाभर कॅन्टीनमध्ये जेवायला आला नाही. संध्याकाळी मेट्रोत मला आठवून आठवून हसू फुटत होतं, शेजारची बाई सरकून बसली. तोंडाळ मी पहिल्यापासूनच. आई म्हणायची, हिच्या जिभेला हाड नाही. आईला तरी कुठे होतं!

आता सरांबद्दल सांगते, कारण हे सगळं त्यांच्याबद्दलच आहे.

सर आमच्या कंपनीतले सगळ्यात जुने इंजिनियर. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावचे, पन्नाशी उलटलेले, दिल्लीत वीसेक वर्षं काढूनही बोलण्यातला गावचा हेल न गेलेला. हिंदी बोलायचे तीही मराठीतच. राहायचे मयूर विहारमध्ये, माझ्या सोसायटीपासून दोन पॉकेट, म्हणजे दिल्लीच्या भाषेत दोन वसाहती, पलीकडे. आमची कंपनी कुरियरवाल्यांसाठी सॉफ्टवेअर बनवायची आणि त्याचा कणा सरांनी लिहिलेला होता, पत्ता फोडणारा प्रोग्राम. आपल्याकडे पत्ता कसा लिहितात? 'पॉकेट चार, मंदिर के पीछे, डॉक्टरसाहब का मकान, ऊपर वाली घंटी.' त्यातून घर, गल्ली, वस्ती, पिनकोड नीट वेगळं काढायचं म्हणजे खायचं काम नाही. सरांनी ते सदतीस फायलींत बसवलं होतं. आमची बाकीची अर्धी सिस्टीम रोज कोलमडायची, पण सरांच्या त्या सदतीस फायलींना कुणाला कधी हात लावावा लागला नाही. त्या माणसाकडे ना मोठं कॉलेज, ना फाडफाड इंग्रजी. मिरवायला तेवढंच होतं, आणि तेही ते फार मिरवायचे नाहीत.

मिरवायचे ते मला. मी पुण्याहून दिल्लीत आले तेव्हा ही नोकरी सरांनी मिळवून दिली. पहिले दोन महिने मी त्यांच्याच घरी जेवले. काकू पोटभर वाढायच्या, वर डबा द्यायच्या. हे सगळं खरं आहे आणि मी ते नाकारत नाही. पण त्यानंतर सहा वर्षं, नवा माणूस आला की सर मला पुढे करायचे आणि म्हणायचे, "इसको मैं लाया." हिला मी आणली. अरे, मी काय मंडईतली मेथी आहे? पहिल्या वर्षी मी हसले. दुसऱ्या वर्षी दात दाखवले. सहाव्या वर्षी ते वाक्य कानावर पडलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

मग माझ्या टीमची लीड नेमायची वेळ आली. नाव माझंच चाललं होतं. वरच्यांनी सरांना विचारलं आणि सर म्हणाले, "हुशार आहे, पण अजून कच्ची आहे. कामात राग आणते." हे मला त्यांनी स्वतः येऊन सांगितलं, चहा घेता घेता, अगदी बापाच्या मायेने. "तुझ्या भल्यासाठीच बोललो गं." मी म्हटलं, "हो ना सर, बरोबर आहे तुमचं." आणि त्या दिवशी घरी जाऊन मी एक चांगली स्टीलची कढई भिंतीवर आपटली. तिला आजही पोचा आहे. वर्षभर दुसरं कुणी नेमलंच नाही, जागा तशीच रिकामी राहिली, आणि ती रोज माझ्या डोळ्यांसमोर होती.

त्यातच कंपनी विकायला निघाली. घेणारे परदेशातले. त्यांची पहिली अट अशी की तुमच्या सॉफ्टवेअरमधली फाईल अन् फाईल तपासून द्या, काय तुमचं आणि काय बाहेरचं. प्रत्येक इंजिनियरकडून लिहून घेतलं की अमुक अमुक फायली मी स्वतः लिहिल्या आहेत. सरांनी आपल्या सदतीस फायली लिहून दिल्या, खाली सही केली. आणि सगळ्याची तपासणी आली माझ्याकडे.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला निकाल आला. सरांच्या सदतीसच्या सदतीस फायली ओळखीच्या. एका पॅकेजशी ठसे तंतोतंत जुळत होते. ते पॅकेज नेटवर चढवलं होतं सर आमच्या कंपनीत लागण्याच्या दोन वर्षं आधी, आणि चढवणाऱ्याने स्वतःचं नाव न देता भलतंच एक टोपणनाव दिलं होतं. मी खुर्चीत सरळ झाले. परत चालवून बघितलं. तेच.

अशा वेळी माणूस काय करतो? उठतो, वीस पावलं चालतो आणि विचारतो, "सर, हे काय आहे?" ज्या घरचं मीठ खाल्लं तिथे एवढं तरी करतो. मी उठले नाही. आमचा नियमच होता की ज्याची फाईल त्याला आधी विचारायचं नाही, नाहीतर तो सारवासारव करतो. गुडगाववाल्याच्या वेळीही मी नियमानेच वागले होते, मग आता का नाही? नियम बाजूने असला की नीचपणा करणं किती सोपं जातं, मला तेव्हा कळलं. मी दीड तासात रिपोर्ट लिहिला आणि लीगलच्या मॅडमना पाठवून दिला. मग खाली जाऊन छोले-भटुरे खाल्ले. चव छान होती, आठवतंय मला.

दुसऱ्या दिवशी सर माझ्या टेबलाशी आले. चिडलेले नव्हते, उलट हसत होते.

"अगं, ते माझंच आहे," ते म्हणाले. "मीच टाकलं होतं नेटवर, इथं यायच्या आधी. टोपणनावानं. तेव्हा वाटायचं आपलं इंग्रजी बघून लोक हसतील. इथं लागलो तेव्हा गेटवर सीडी आत नेऊ देत नव्हते, मग नेटवरनंच परत उतरवून घेतलं. मला एक शब्द विचारायचास की!"

"नियम आहे ना सर."

"बरं बरं, नियम तर नियम. सांग आता त्यांना."

जणू काही मी सांगितलं की झालं! मी म्हटलं, "लॉगिन करून दाखवा, त्या टोपणनावाने." तर कसलं काय. ते खातं ज्या ईमेलवर उघडलं होतं ती ईमेलची सोयच बंद पडून जमाना झाला होता. पासवर्ड आठवत नव्हता, आठवला असता तरी पुढे वाट नव्हती. सरांनी तेव्हा पहिल्यांदा खुर्ची ओढली आणि बसले.

लीगलच्या मॅडमना सरांशी वैर नव्हतं. त्यांना फक्त प्रकरण लवकर मिटवायचं होतं. त्यांनी सरांना स्पष्ट सांगितलं की दोनच रस्ते आहेत. त्या फायली पॅकेज नेटवर चढण्याच्या आधीपासून तुमच्याकडे होत्या हे दाखवा, की तुमची सही खरी ठरते आणि विषय संपतो. नाही दाखवलं, तर तुम्ही खोटं लिहून दिलंत, आणि नोकरी तर जाईलच, पत्रात कारणही लिहिलं जाईल. म्हणजे पन्नाशी उलटलेल्या माणसाने पुढे ते पत्र घेऊन कुठे जायचं ते ज्याने त्याने समजून घ्यावं. त्या दिवसापासून सरांचा लॅपटॉप काढून घेतला, गेटचं कार्ड बंद केलं आणि घरी बसायला सांगितलं.

पाच दिवसांनी सरांच्या मुलीचा फोन आला, मी खाली गेटवर उभी आहे म्हणून. कॉलेजात होती तेव्हा, जन्म दिल्लीचा. मराठी बोलायची, पण अर्ध्या वाटेत हिंदीत घसरायची. तिच्या हातात मिठाईच्या पुठ्ठ्याच्या डब्यात, जुन्या ओढणीत गुंडाळलेली एक सीडी होती. माळ्यावरच्या ट्रंकेत सापडली होती. वर मार्करने सरांच्या अक्षरात 'पत्ते' आणि तारीख, पॅकेज नेटवर येण्याच्या सात महिने आधीची. घरात आता सीडी लावायला काही उरलं नव्हतं, त्यामुळे कुणी उघडून बघितली नव्हती. आणि उघडू नका, कॉपी करू नका, जशी आहे तशी आणा, असं आदल्या दिवशी फोनवर मीच सांगितलं होतं. तेव्हा मी ते प्रामाणिकपणे सांगितलं होतं, यावर कुणाचा विश्वास बसो न बसो.

"ताई, बाबा जेवत नाहीयेत," ती म्हणाली. "यह उन्हीं का है, ना? तुम्ही बोलून द्या ना त्यांना."

"बघते," मी म्हटलं.

स्टोअरमधून जुना सीडी ड्राइव्ह मागवला. धूळ पुसली, लावला, सीडी घरघरत फिरली. सदतीस फायली. तारखा बरोबर, नावं बरोबर. ठसे काढले. सदतीसपैकी शून्य जुळले. एकही नाही.

आता माझ्या जागी नवखं कुणी असतं तर तिथेच थांबलं असतं. मी नवखी नव्हते. मी फायलींचे आकार बघितले. सीडीवरची पहिली फाईल नेटवरच्या फाईलपेक्षा चारशे बारा अक्षरांनी मोठी होती. आणि त्या फाईलमध्ये ओळी किती? चारशे बारा. दुसरी दोनशे सहाने मोठी, ओळी दोनशे सहा. माझ्या लगेच लक्षात आलं. विंडोजवर लिहिलेल्या फाईलमध्ये प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन न दिसणारी अक्षरं असतात, आणि नेटवर चढवताना बऱ्याचदा त्यातलं एक गळून जातं. पडद्यावर दोन्ही फायली हुबेहूब दिसतात. मजकुरात काडीचा फरक नसतो. पण ठसा ते न दिसणारं अक्षरही मोजतो, त्यामुळे ठसा पूर्ण बदलतो. सरांनी घरच्या विंडोजवर लिहिलं, सीडीवर ठेवलं, मग नेटवर चढवलं. एवढंच झालं होतं. ही गोष्ट मला पहिल्या वर्षी शिकवली कुणी? सरांनीच.

मी सीडीवरच्या फायली माझ्या मशीनवर घेतल्या, प्रत्येक ओळीच्या शेवटचं ते जास्तीचं अक्षर काढलं आणि ठसे परत काढले. सदतीसपैकी सदतीस जुळले.

एक फाईल उघडूनही बघितली. प्रोग्राम तपासायला सरांनी नमुन्याचे पत्ते लिहिलेले होते, रोमन लिपीत, पण मराठीतले. 'विहिरीसमोर, कासाराच्या शेजारी, मारुतीच्या देवळाची मागची बाजू.' जेवताना सर आपल्या गावच्या घराची खूण अशीच सांगायचे, शब्दाला शब्द. शंकेला जागाच नव्हती. तो माणूस खरं बोलत होता आणि त्याचा पुरावा माझ्या पडद्यावर होता. जगात फक्त माझ्याच पडद्यावर होता.

तेवढ्यात मॅडम आल्या. उभ्या उभ्याच विचारलं, "हाँ जी, मैच है या नहीं?"

"जैसी सीडी पर है, वैसी तो नहीं है," मी म्हटलं.

"जैसी है वैसी ही पूछ रही हूँ। फ़ाइल को हाथ लगाकर मैच किया तो वो लोग मानेंगे थोड़े ही. हाँ या ना?"

मला दोन वाक्यं बोलायची होती. मॅडम बाई हुशार होत्या, समजावलं असतं तर त्यांनी घेणाऱ्यांशी बोलून मान्य करून घेतलंही असतं, त्यांच्या इंजिनियरना हे एका मिनिटात कळलं असतं. ती दोन वाक्यं माझ्या ओठांवर होती, आणि त्याच वेळी माझ्या कानात सर चहा पीत पीत म्हणत होते, अजून कच्ची आहे. मी म्हटलं, "ना."

तोपर्यंत मी खोटं बोलले नव्हते हं. अशी मी माझी समजूत घालून घेतली. विचारलं त्याचं खरं उत्तर दिलं, जास्तीचं कुणी विचारलं नव्हतं. मॅडमनी सीडी पाकिटात घातली, लाख लावल्यासारखी टेप चिकटवली आणि कपाटात ठेवून दिली.

साडेतीनला सरांचा फोन आला. आवाजात उतावळेपणा होता, पण भीती नव्हती.

"अगं, मुलगी म्हणाली सीडी दिली. ऐक, ती विंडोजवर केलेली आहे. ठसा सरळ काढलास तर जुळायचा नाही. ओळीच्या शेवटचं अक्षर काढ, मग बघ. माहितीये ना तुला?"

"माहितीये सर. काढून बघितलं."

"मग?"

आता इथे कुठला नियम नव्हता. मॅडम नव्हत्या, घेणारे नव्हते. एक म्हातारा होत चाललेला माणूस मला विचारत होता आणि मला उत्तर माहीत होतं.

"तरी नाही जुळत, सर," मी म्हटलं.

"सगळ्या सदतीस?"

"एकही नाही."

मागे काकूंचा कुकर वाजत होता. त्यांनी मला 'परत बघ' म्हटलं नाही, 'दाखव' म्हटलं नाही. हळूच म्हणाले, "असं कसं होईल गं," आणि मग, "तू बघितलंस म्हणजे बघितलंसच." फोन ठेवला. मी माझ्या मशीनवरच्या त्या जुळलेल्या सदतीस फायली पुसून टाकल्या, कचऱ्याच्या टोपलीतूनही. पाणी प्यायला गेले, आरशात बघितलं. केस जरा विस्कटले होते, ते नीट केले.

महिनाअखेर सरांना पत्र मिळालं, कारणासकट. निरोपसमारंभ वगैरे काही नाही. त्यांच्या खणातल्या वस्तू, एक नेलकटर, आवळा सुपारीची डबी, काकूंनी विणलेला मफलर, मीच खोक्यात भरून गेटवर पाठवल्या. त्यांचा प्रोग्राम मात्र कुणी काढला नाही. काढून दुसरा आणायचा कुठून? आभाराच्या पानावर त्या टोपणनावाला एक ओळ दिली, झालं, नाव सांगायची अट पाळली गेली. कंपनी विकली गेली आणि दोन महिन्यांत मी लीड झाले. मला वाटलं होतं झोप लागणार नाही, जेवण जाणार नाही, असं काहीतरी होईल. काही झालं नाही. ढाराढूर झोपायचे. उगाच पश्चात्तापाचे कढ काढून दाखवण्यात अर्थ नाही.

फक्त मी मयूर विहारमधला रस्ता बदलला. भाजी दुसऱ्या बाजारातून आणायला लागले. तरी गाठ पडायची ती पडलीच. दिल्लीतली मराठी मंडळी जानेवारीत बस करून पानिपतला जातात, तिथल्या लढाईच्या स्मारकाला, काला अंबला, हार घालतात, कुणीतरी तावातावाने भाषण करतं आणि बाकीचे थंडीत कुडकुडत चहा शोधतात. गेल्या जानेवारीत मीही नाव दिलं होतं. सीटा लावणाऱ्या बाईंना काय ठाऊक! "तुम्ही दोघं एकाच ऑफिसातले ना?" म्हणत त्यांनी मला सरांच्या शेजारी बसवलं. बस भरलेली होती, उठून जायला जागा नव्हती.

सर वाळले होते. स्वेटर अंगावर लोंबत होता. राजेंद्रनगरला एका क्लासमध्ये यूपीएससीच्या मुलांना कॉम्प्युटरचे धडे देतो म्हणाले, आठवड्यातून तीन दिवस. माझी चौकशी केली, आईची केली, लीड झाल्याबद्दल अभिनंदनही केलं, आणि ते टोमणा मारून नव्हे, मनापासून. काकूंनी दिलेल्या गुळपोळ्या काढल्या, मला दिल्या. मी खाल्ल्या. सोनिपत मागे पडलं, बाहेर धुकं होतं, बसमध्ये पुढे अंताक्षरी चालली होती.

"मी खूप विचार केला गं त्यावर," सर म्हणाले. कशावर ते सांगायची गरज नव्हती. "पत्ते माझे आहेत. विहिरीसमोरचा पत्ता मीच लिहिला, ते पक्कं आठवतंय. पण बाकीचं कुठनं तरी उचललेलं असणार. त्या वयात दिवसदिवस नेटवर बसायचो, याचं बघ, त्याचं बघ. घेतलं असेल कुणाचं तरी, आणि मग इतकी वर्षं आपलंच समजत राहिलो. मलाच कळलं नाही बघ."

"होतं असं," मी म्हटलं.

"तुझ्यावर राग नाही हं माझा. उलट तू होतीस म्हणून पटलं. दुसऱ्या कुणी जुळत नाही म्हटलं असतं तर मी कोर्टात गेलो असतो. म्हटलं, हिला मी स्वतः शिकवलंय, ही चुकणार नाही."

मी डब्याचं झाकण लावायला लागले. ते बसत नव्हतं.

"पोरगी मात्र भांडत होती. वर्षभर सगळ्यांशी भांडली माझ्यापायी, मैत्रिणींशी, मामाशी. माझ्या बाबांनी चोरी केली नाही म्हणून. वकील शोधत होती, त्या सीडीसाठी अर्ज करणार होती." सर स्वतःशीच हसले. "दिवाळीत तिनं सरळ विचारलं, बाबा, खरं सांगा, तुम्ही लिहिलं होतं की नाही? मी सांगून टाकलं. म्हटलं, नाही बेटा, चोरलेलंच असणार, तू सोड आता हे. फार रडली. मग दोन महिने बोललीच नाही माझ्याशी. आता बोलते थोडंथोडं."

ते माझ्याकडे वळले. डोळे पाणावले होते, पण आवाज शांत होता.

"बरोबर केलं ना गं मी?"

पानिपत अजून पाऊण तास लांब होतं. पाऊण तासात सांगण्यासारखं माझ्याकडे एकच वाक्य होतं, आणि त्या एका वाक्याने त्यांची मुलगी त्यांना परत मिळाली असती.

"बरोबर केलंत, सर," मी म्हटलं. "मुलांशी खरंच बोलावं."

त्यांना बरं वाटलं. ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.